सासूबाईंच्या भाजीचं मीठ

सासूबाईंनी चाळीस वर्षांत एकदाही शिजत्या भाजीची चव घेतली नव्हती. चव घेत घेत स्वयंपाक करणं म्हणजे पुस्तकाच्या मागची उत्तरं बघून गणितं सोडवणं, असं त्यांचं मत होतं, आणि त्यांचं मत हा त्या घरातला कायदा होता. निवृत्त होईपर्यंत त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सुपरवायझर होत्या. बावीस मुली त्यांच्या हाताखाली होत्या आणि बाईंनी नुसता चष्मा काढून टेबलावर ठेवला तरी त्या बावीसजणी ताठ बसायच्या. भाजी कुठवर आली हे सासूबाईंना वासावरून कळायचं. कढईवर वाकायचं, डोळे मिटायचे, नाकपुड्या जरा फुलवायच्या आणि म्हणायचं, "अर्धा चमचा मीठ." तेवढं घातलं की विषय संपला.

त्यांची मिक्स भाजी तर नातेवाइकांत गाजलेली. फ्लॉवर, गाजर, फरसबी, बटाटा, मटार आणि सगळ्यांत शेवटी ढोबळी मिरची, प्रत्येकीची कढईत उतरायची वेळ ठरलेली होती. फ्लॉवरचे तुरे आधी गरम पाण्यात बुडवून फडक्यावर कोरडे करायचे. कांदा बदामी झाला म्हणून कुणी खूश व्हायचं नाही, तो तपकिरी व्हायला हवा. टोमॅटो तेल सुटेपर्यंत परतायचा, आणि तेल सुटलं की नाही याचा निकाल सासूबाई देणार. सुनेला सहा वर्षांच्या नोकरीत मटार सोलण्यापर्यंतच बढती मिळाली होती.

सुनेची त्याबद्दल तक्रार नव्हती. ती एका चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. लोकांना उंच खुर्चीत बसवायचं, डोळ्यांपुढे भिंगं बदलायची आणि विचारायचं, हे जास्त स्पष्ट की हे. दिवसाकाठी तीस माणसांना हे विचारून घरी आलं, की कुणीतरी समोर गरम ताट ठेवतंय याच्याइतकं सुख तिला दुसऱ्या कशात वाटत नसे.

मग एका सोमवारी भाजीत मीठच नव्हतं. सगळ्यांना वाटलं, होतं कधीतरी. गुरुवारी मात्र सोमवारचं राहिलेलं मीठसुद्धा एकदम आलं. पुढच्या आठवड्यात वरणाला फोडणी करपल्याचा वास होता आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी रश्शात गरम मसाला असा पडला होता, की सुनेच्या नवऱ्याला जेवता जेवता घाम फुटला.

घरातले दोन पुरुष शूर होते, पण घराबाहेर. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. सातव्या मजल्यावर अडकलेल्या लोकांना तो दरवाजाच्या फटीतून तासतासभर धीर द्यायचा. सासरे, म्हणजे नाना, नकाशे काढायच्या कचेरीत आयुष्यभर काम केलेले. एकदा एका मंत्र्याने नकाशातली हद्द जरा सरकवायला सांगितली तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं होतं आणि तीन वर्षं बढती घालवली होती. पण बायकोच्या भाजीबद्दल दोघांनीही तोंडात गुळणी धरली. नाना प्रत्येक घासात दही कालवायला लागले. नवऱ्याने लिंबाचा आधार घेतला. सून पाणी पीत राहिली.

तिसऱ्या आठवड्यात तिघांची गॅलरीत, वाळत घातलेल्या चादरींच्या आड सभा भरली. कुणीतरी सांगायला हवं यावर एकमत झालं. कुणी, हा प्रश्न आल्यावर नाना चादरीचे चिमटे मोजू लागले. शेवटी नवरा म्हणाला, की असल्या गोष्टी बायकाबायकांत बोललेल्या बऱ्या, आणि तुमचं दोघींचं जमतंही छान. हे सहा वर्षांत कुणी बोललं नव्हतं.

सून सांगणार होती. चार दिवस ती वाक्यं जुळवत होती. पाचव्या दिवशी सकाळी ती डोकं धुऊन बाहेर आली तर घरभर जळक्या दुधाचा वास कोंडला होता. ती धावत स्वयंपाकघरात गेली. सासूबाई शेगडीपासून दोन हातांवर, शांतपणे शब्दकोडं सोडवत बसल्या होत्या. दूध वर येऊन, सांडून, आता पातेल्याच्या बुडाशी काळं होत होतं. सासूबाईंनी मान वर केली. आधी सुनेच्या तोंडाकडे पाहिलं आणि मग पातेल्याकडे. मग म्हणाल्या, "अगं बाई, दूध."

हा जो क्रम होता, आधी तोंड आणि मग पातेलं, तो सुनेला ओळखीचा वाटला. दुकानात अशी माणसं येतात. भिंतीवरची अक्षरं त्यांना दिसत नसतात, पण ती पाठ करून आलेली असतात. तपासणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत बघत ती फडाफडा वाचतात, आणि तक्ता बदलला की गप्प होतात.

तिने तक्ता बदलायचं ठरवलं. दुपारी नाना झोपल्यावर तिने एका वाटीत कॉफीची पूड घेतली, दुसरीत हिंग घेतला, दोन्हींवर पातळ फडकं बांधलं आणि सासूबाईंपुढे ठेवून विचारलं, की यातलं जुनं कोणतं आणि ताजं कोणतं, मला वासावरून कळत नाहीये.

सासूबाईंनी एक वाटी नाकाला लावली. मग दुसरी. मग त्या सुनेच्या चेहऱ्यावर काही लिहिलंय का ते शोधू लागल्या. सुनेने चेहरा कोरा ठेवला. तिला तो ठेवायची सवय होती.

"तुझ्या त्या खुर्चीत बसवतेस का मला?" सासूबाई म्हणाल्या आणि वाट्या बाजूला सारून त्यांनी चष्मा काढला.

सूनही ताठ बसली, पण सासूबाई रागावल्या नव्हत्या. त्यांनी पदराने चष्मा पुसला आणि सगळं सांगितलं. महिन्याभरापूर्वी त्यांना जो ताप-खोकला झाला, तो गेला तेव्हा वासही सोबत घेऊन गेला. साबणाला वास नाही, लसणीला नाही, नानांच्या तेलाला नाही. जिभेवर खारट-आंबट काहीतरी आहे एवढं पुसट कळतं, पण किती आहे ते कळत नाही. जेवताना पुठ्ठा चावल्यासारखं वाटतं. गुपचूप जाऊन डॉक्टरांनाही दाखवून आल्या होत्या. ते म्हणाले होते, परत येईल, कधी ते सांगता येत नाही.

"मग सांगितलं का नाहीत, आई?"

"कुणाला सांगू? त्या दोघांना कळलं तर उद्यापासून बाहेरून डबा आणतील. आणि वन्संना कळलं तर मी हे घर सोडून जाईन."

वन्सं म्हणजे नानांची थोरली बहीण, मुलगा आणि सून ज्यांना आत्या म्हणत. आत्यांनी पस्तीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितं तपासली होती. पानभर मजकुरात एक वेलांटी चुकली असली तरी त्यांच्या डोळ्यात ती कुसळासारखी खुपायची. निवृत्तीनंतर ती नजर मोकळी झाली होती आणि महिन्या-दोन महिन्यांनी ती भावाच्या घरी जेवायला यायची. चाळीस वर्षांत त्यांनी भावजयीची मिक्स भाजी कधी ताटात टाकली नव्हती, आणि कधी दोष काढल्याशिवाय संपवलीही नव्हती. गाजर एक मिनिट जास्त. आलं जरा पुढे पुढे करतंय. सासूबाई ते ऐकून घ्यायच्या आणि आत्या गेल्यावर भांडी जोरात घासायच्या.

त्या दुपारी दोघींचा करार झाला. स्वयंपाक सासूबाई करणार, जीभ आणि नाक सुनेचं. दोघा पुरुषांना कळू द्यायचं नाही.

पहिले दिवस कठीण गेले. सुनेने रस्सा चाखला आणि सांगितलं, छान आहे. सासूबाईंनी विचारलं, छान म्हणजे काय. सून म्हणाली, म्हणजे बरा आहे, पण काहीतरी कमी आहे.

"काहीतरी म्हणजे? डॉक्टरकडे जाऊन काहीतरी कुठंतरी दुखतंय म्हणतेस का?"

सुनेकडे शब्दच नव्हते. सहा वर्षं तिने नुसतं जेवण केलं होतं, चव घेतली नव्हती. शेवटी तिने आपल्या धंद्यातली युक्ती काढली. दोन वाट्यांत रस्सा घ्यायचा, एकीत चिमटीभर मीठ जास्त घालायचं आणि स्वतःलाच विचारायचं, हे की हे. मग जास्त बरी वाटेल ती वाटी धरून पुढे जायचं. या पद्धतीने पहिली भाजी व्हायला अडीच तास लागले आणि ती दोघींनी मिळून जवळजवळ चाखूनच संपवली. पण त्या संध्याकाळी नानांनी दह्याची वाटी बाजूला सारली. नवऱ्याने लिंबू पिळायचं म्हणून हातात घेतलं, एक घास खाल्ला आणि ते परत ठेवलं. गॅलरीत तो सुनेला म्हणाला, की तू कसं सांगितलंस कोण जाणे, पण मानलं तुला. सुनेने मान्य करून टाकलं.

महिनाभरात तिला कळू लागलं, की आलं नाकात आधी जातं आणि घशात नंतर, कांदा घाईत परतला तर रश्शाला एक कच्चा गोडवा येतो, आणि मटार शेवटी पडले तर त्यांची साल टचकन फुटते. सासूबाई खोदून खोदून विचारायच्या. कधी कधी तिला वाटायचं, आपण चव सांगत नाही आहोत, साक्ष देतो आहोत.

आणि मग आत्यांचा फोन आला. रविवारी येते, मिक्स भाजी कर, बरेच दिवस झाले.

शनिवारी रंगीत तालीम झाली. सून मोरीजवळ भांडी विसळत उभी राहील आणि येता-जाता चमच्याने चाखेल. एकदा खोकली तर मीठ कमी. दोनदा खोकली तर बास. चमचा खाली पडला तर हात आवर. आत्या बाहेर नानांशी गप्पा मारत बसणार, तेव्हा हेही तसं जास्तच होतं.

पण रविवारी आत्या आल्या, त्यांनी चपला काढल्या, पाणी प्यायल्या आणि स्टूल उचलून सरळ स्वयंपाकघरात येऊन बसल्या. बाहेर फार ऊन लागतंय, म्हणाल्या. स्वयंपाकघरात शेगडी पेटलेली होती.

कांदा तपकिरी झाला, टोमॅटोने तेल सोडलं, भाज्या आपापल्या वेळेला उतरल्या. सासूबाईंनी कढईवर वाकून, डोळे मिटून, नाकपुड्या फुलवल्या. सुनेला त्यांचं कौतुक वाटलं. मग त्यांनी मीठ घातलं, सुनेने जाता जाता चमचा बुडवला, चाखला. नेमकं होतं. ती दोनदा खोकली.

आता, नवरा आदल्या दिवशी एका जुन्या इमारतीच्या लिफ्टच्या खड्ड्यात उतरला होता आणि त्याच्या घशात तिथली सगळी धूळ बसली होती, हे दोघींच्याही लक्षात आलं नव्हतं. तो बाहेर वर्तमानपत्र वाचत होता. तो एकदा खोकला.

सासूबाईंनी आयुष्यभर बावीस मुलींचे आवाज एकदम ऐकले होते, त्यांचा कान फार तयार होता. पण आवाज कुणाचा आणि कशासाठी याची गल्लत होण्याएवढ्या त्या आज घाबरल्या होत्या. त्यांनी अर्धा चमचा मीठ घातलं.

सून पुन्हा दोनदा खोकली, जरा जोरात. बाहेरून लगेच एक खोकला आला. सासूबाईंनी पुन्हा अर्धा चमचा घातलं. सून आता घाईने खोकू लागली तर बाहेर नवऱ्यालाही उबळ आली, आणि कोणते दोन आणि कोणता एक याचा काही मेळ राहिला नाही. सासूबाईंचा हात मिठाच्या भांड्यात जात होता, थांबत होता, पुन्हा जात होता.

"घरात सगळ्यांनाच खोकला दिसतोय," आत्या म्हणाल्या.

सुनेने चमचा खाली टाकला. तो फरशीवर ठणठणत आत्यांच्या स्टुलाखाली गेला. सासूबाई थांबल्या, पण तोवर कढईत दोन दिवसांचं मीठ गेलं होतं. सुनेने दुसरा चमचा घेतला, चाखलं आणि तिचे डोळे मिटले. समुद्रात आंघोळ करताना चुकून तोंड उघडावं तशी चव होती.

ती क्षणभर उभी राहिली. मग तिने हात पुसले आणि सहा वर्षांत त्या घरात कुणी उच्चारले नव्हते असे शब्द उच्चारले.

"आई, जरा सरका."

आत्यांनी पर्समधून चष्मा काढून लावला. सून सासूला शेगडीपासून हटवते आहे, हे त्यांना नीट पाहायचं होतं. आणि सासूबाई खरंच सरकल्या. इकडेतिकडे पाहून, दुसरं काही न दिसल्याने, त्या धान्याच्या डब्यावर बसल्या.

सुनेने निम्मा रस्सा दुसऱ्या पातेल्यात काढला. दोन बटाटे उकडलेले होते ते कुस्करले, मूठभर काजू गरम पाण्यात टाकून वाटले, नवे टोमॅटो किसून वेगळे परतले, बिनमिठाचे मटार आणि गाजर वाफवून घेतले. मग दोन वाट्या मांडल्या. एकीतलं चाखलं, दुसरीतलं चाखलं, पाणी घातलं, पुन्हा चाखलं. कुणाकडे पाहिलं नाही, कुणाला विचारलं नाही. अर्ध्या तासाने तिने गॅस बंद केला तेव्हा भाजी पाच माणसांऐवजी दहा माणसांची झाली होती. तिच्या पाठीवर घामाचा नकाशा उमटला होता आणि सासूबाई तिच्याकडे अशा पाहत होत्या, की जणू ही मुलगी त्यांना आजच भेटली.

जेवायला पाचही जण बसले. नाना म्हणाले छान. नवरा म्हणाला एकदम छान. आत्या सावकाश चावत राहिल्या. तीन घास झाल्यावर त्यांनी भावजयीकडे पाहिलं.

"हा हात तुझा नाही. आणि शेवटचा अर्धा तास मी पाहिलाय. काय चाललंय या घरात?"

सून काहीतरी बोलायला गेली. सासूबाईंनी तिला हाताने थांबवलं.

"मला वास येत नाही, वन्सं. चवही नाही. दोन महिने झाले. ही चाखते आणि मी करते. आज तिने केलंही."

ताटांवरचे हात थांबले. मग नाना हळूच म्हणाले, म्हणजे ते मीठ त्यामुळे होतं तर. सासूबाईंनी वळून पाहिलं. कोणतं मीठ, असं त्यांनी विचारलं. नानांनी जीभ चावली, पण उशीर झाला होता. हळूहळू सगळं बाहेर आलं, दही, लिंबू, गॅलरीतली सभा, वाळत घातलेल्या चादरी.

"तीन आठवडे तुम्ही खारट खाल्लंत आणि एकानेही तोंड उघडलं नाही?" सासूबाई म्हणाल्या. "मी काय माणसं खाते?"

नवरा भात चिवडत राहिला. मग सासूबाईंनाच हसू आलं, नाकातून सुरू झालेलं ते पोटापर्यंत गेलं आणि नाना सुटल्यासारखे हसले.

हसू ओसरल्यावर सासूबाईंनी ताटातल्या भाजीकडे पाहिलं. त्यांच्यासाठी ती रंगीत होती, एवढंच. त्यांनी विचारलं, कशी झालीय. नवरा म्हणाला, छान झालीय आई. नाना म्हणाले, फार छान.

"छान, छान. या छानचं मी काय करू?" त्या अगदी हळू म्हणाल्या.

आत्यांनी चमचा ताटात ठेवला. मग उचलला, एक फ्लॉवरचा तुरा घेतला आणि तोंडात घोळवला.

"फ्लॉवर बाहेरून मऊ आहे, देठाशी अजून दाताला लागतोय," त्या म्हणाल्या, सावकाश, ओळीवर बोट ठेवून वाचल्यासारखं. "रस्सा तुझ्या रश्शापेक्षा जाड आहे. काजू आहेत, त्यामुळे आधी गोड लागतं. मग मागून टोमॅटो येतो. आंबट, पण ओरडत नाही. हळद शिजलीय. जिरं जरा करपलंय, एका टोकाशी कडू आहे, पण ते बटाट्याबरोबर बरं लागतं. बटाट्यात मीठ पोचलंय, मटारात नाही. मटार आपले वेगळेच बसलेत, पाहुण्यासारखे."

सासूबाईंनी एक मटार उचलून तोंडात घातला आणि चावला. डोळे मिटले.

"आलं?" त्यांनी विचारलं.

"आलं आहे. गिळल्यावर घशात कळतं. तू जास्त घालतेस. चाळीस वर्षं सांगतेय."

"आणि ढोबळी मिरची?"

"थांब, सापडू दे. ही घे. हिचा वास अजून हिरवा आहे. पाऊस पडून गेल्यावर कुंपणाशी येतो तसा. साल जिभेला चिकटत नाही. तुझ्यासारखी जमलीय ही."

असं ते वीस मिनिटं चाललं. सासूबाई विचारत होत्या, आत्या खात होत्या आणि सांगत होत्या. सुनेने जेवण थांबवून ऐकलं. आपण महिनाभर ज्या शब्दांसाठी चाचपडत होतो ते या बाईंकडे कपाट भरून आहेत, आणि चाळीस वर्षं सगळ्यांनी त्यांना नुसती कुरकुर समजून भांडी आपटली, असं तिला वाटून गेलं. आत्यांनी तिसऱ्यांदा भाजी वाढून घेतली. पोट भरलं होतं, पण फरसबीबद्दल सांगायचं राहिलं होतं.

त्यानंतर आत्या दर रविवारी येऊ लागल्या. सून स्वयंपाक करायची, सासूबाई धान्याच्या डब्यावर बसून हुकूम सोडायच्या आणि आत्या जेवताना अहवाल द्यायच्या. दोघींचं आल्यावरून भांडण व्हायचं. एकीला ते लागत नव्हतं, दुसरीला ते जास्त लागत होतं, आणि तरी दोघी तावातावाने बोलायच्या. नाना आता मीठ कमी असलं तर सरळ सांगत. जास्त असलं तर अजूनही दही घेत. नवऱ्याला मात्र स्वयंपाक चालू असताना खोकायची बंदी झाली. उबळ आली की तो जिन्यात जाऊन खोकून यायचा.

सासूबाईंचं नाक पावसाळा संपता संपता परतलं. त्या दिवशी इमारतीच्या जिन्याच्या कठड्याला तेलरंग लावत होते. वरून-खालून जाणारा प्रत्येकजण नाकाला रुमाल लावून धावत होता. सासूबाई दुसऱ्या मजल्यावर पोचल्या आणि थबकल्या. पिशवी खाली ठेवून त्या उभ्या राहिल्या आणि त्यांनी लांब श्वास घेतला. मग आणखी एक. रंगारी म्हणाला, बाई, जा लवकर, डोकं दुखेल. त्या म्हणाल्या, तुझं चालू दे. पाव तासाने तो पुन्हा म्हणाला, तेव्हा त्यांनी त्याला विचारलं, की खालच्या मजल्यावर कधी लावणार आहेस.